दोन थेंबांमधली पाच मिनिटं

बाटल्या दोन होत्या. एक निळ्या टोपणाची, एक पिवळ्या. आधी निळीतला थेंब डोळ्यात टाकायचा, मग पाच मिनिटं थांबायचं, मग पिवळीतला. लागोपाठ टाकले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो, म्हणून ही मधली पाच मिनिटं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. आईला काचबिंदू होता आणि तिचे हात इतके थरथरत की थेंब डोळा सोडून गालावर, कानात, उशीवर, कुठेही पडे. म्हणून हे काम मुलाकडे आलं.

मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात कारागीर, त्यामुळे सगळी गल्ली त्याला पायवाला म्हणे. घरात मात्र तो लहानपणापासून भिंगरी.

निळा थेंब त्याने सहसा चुकवला नाही. सातला आई खुर्चीत बसून मान मागे टाकायची, तो यायचा, थेंब पडायचा. घोडं अडायचं ते पुढे. पाच मिनिटं म्हणजे किती, तर मोरीतला नळ गळतोय का ते बघून येण्याइतकी. नळ गळत असायचाच. वायसर बदलायला पक्कड हवी. पक्कड माळ्यावर. माळ्यावर पक्कड शोधताना टेबलफॅन सापडायचा, मागच्या उन्हाळ्यात अर्धा उघडून ठेवलेला. त्याची पाती खाली आणून धुवायला घ्यावी तर साबण संपलेला. साबण आणायला खाली उतरावं तर दुकानासमोर कुणाची तरी स्कूटर किक मारून मारून दमलेली. पायवाला प्लग काढून फुंकर मारायचा, स्कूटर सुरू व्हायची, माणूस आभार मानायचा. तो साबण न घेताच वर यायचा तेव्हा घड्याळात साडेआठ झालेले, नळ तसाच गळतोय, फॅनची पाती मोरीत, आणि आई खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेली.

"झाली का रे पाच मिनिटं?"

"झाली, झाली," असं म्हणत तो डबा उचलून कामाला पळायचा. पिवळी बाटली तिथेच.

हे दर वेळी घडे असं नाही. पण आठवड्यातल्या चौदा वेळांपैकी नऊ-दहा वेळा तर नक्की. आणि हे तीन वर्षं चाललं.

त्याचा सगळा जन्मच तसा त्या मधल्या पाच मिनिटांत सांडला होता. शाळेत तो बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त असे. वडील त्याला आरंभशूर म्हणत, आणि खोटं नव्हतं ते: घरात सात डायऱ्या होत्या, सातही डायऱ्यांची पहिली चार पानं सुरेख अक्षरात भरलेली आणि पुढे सगळं कोरं. बायको सहा वर्षांपूर्वी निघून गेली. भांडण झालं नाही. बॅग भरता भरता ती एवढंच म्हणाली, "तू वाईट नाहीस. पण मी तुझी बायको नाही राहिले, तुझी आठवण ठेवणारी बाई झाले. मला नाही जमत आता." स्टेशनवर सोडायला तो तिच्या मागून निघाला. वाटेत एकाचं छत्र्या दुरुस्तीचं दुकान लागलं, तिथे तो क्षणभर रेंगाळला. तो पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती.

आणि तरी कारखान्यात त्याच्या हातासारखा हात नव्हता. माणसाच्या तुटून उरलेल्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा असतो, आणि तो साचा चुकला तर पुढचा सगळा पाय चुकतो, टोचतो, रक्त काढतो. पायवाल्याने घेतलेला साचा कधी परत आला नाही. लांबून लांबून लोक यायचे आणि खिडकीवर सांगायचे, "माप त्यांच्याच हातचं हवं."

कारखान्यात पट्टे शिवणारे चामडेवाले काका होते, निवृत्तीला टेकलेले. ते म्हणत, "दुसऱ्यांना चालतं करतो गडी, आणि स्वतःच्या पायाला भिंगरी. देवाचा हिशोब कुणाला कळलाय!"

तो हसायचा. हसण्यावारी नेण्याची त्याला चांगली सवय होती.

मग डोळ्यांच्या दवाखान्यातली ती तपासणी आली. त्याआधीच्या दोन तारखा तो विसरला होता, म्हणून या वेळी थोरली बहीण मुद्दाम तिच्या गावाहून आली होती. आईला एका पांढऱ्या यंत्रासमोर बसवतात. आत बारीक बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी आई बटण हातात धरून नुसतीच बसून राहिली. आत दिवे लागत होते, बाहेर बसलेल्यांना यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, आणि बटणाचा आवाज येत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याला कुठवर दिसतं त्याचा नकाशा जवळजवळ काळा. उजव्याचा कडेने काळा, मधे पांढरा.

"थेंब वेळेवर?"

"अगदी वेळेवर," आई म्हणाली. "दोन्ही. घड्याळ लावून घ्यावं असा टाकतो माझा मुलगा."

डॉक्टरबाईंनी फाइल मागून पुढे चाळली. बाटल्या तिथल्याच औषधांच्या खिडकीवरून घ्यायच्या असत आणि खिडकीवरचा माणूस दर बाटलीची तारीख फाइलवर टाके. "तीन वर्षांत निळ्या बाटल्या चौतीस. पिवळ्या अकरा." त्यांनी आवाज चढवला नाही. "आजी, पिवळीतला थेंब कुठे जात होता?"

पायवाल्याने मान खाली घातली. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग सगळं तिच्या लक्षात आलं.

"डावा आता परत येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एका थेंबापायी गेला असं मी म्हणणार नाही. हा रोग कुणाचं ऐकत नाही. पण आपल्या हातात जेवढं होतं तेवढं झालं नाही."

बाहेरच्या वऱ्हांड्यात ताईने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"लाज वाटते का?"

"वाटते."

"नुसती वाटून काय करू मी तिची? लोणचं घालू?" ती रडत होती आणि रडण्याचा तिला राग येत होता. "मी आईला घेऊन जाते. आजच."

पण आई बाकावरून म्हणाली, "मी येत नाही."

तिचं म्हणणं साधं होतं. या घरात तिला पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, मोरीपासून ओट्यापर्यंत सहा. डबे हाताला माहीत होते. ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती दिसत्या डोळ्यांनीसुद्धा बिचकायची. "उद्या उजवाही गेला, तर तुझ्या घरात मी खुर्चीत ठेवलेलं गाठोडं होईन. इथे मी माणूस आहे."

ताईने डोळे पुसले. मग म्हणाली, "पुढची तपासणी चार महिन्यांनी. उजव्याचा नकाशा नखभर जरी आकसला तरी मी तिला घेऊन जाणार. आणि तेव्हा," तिने भावाकडे बोट केलं, "तू मध्ये पडायचं नाहीस. आई, तूही नाही."

"कबूल," पायवाला म्हणाला. आईने मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते नीट कळलं नाही.

निघताना डॉक्टरबाईंनी त्याला एकट्याला थांबवलं. "पहिला थेंब आठवतो आणि दुसरा राहतो. आणखी काय काय असं अर्धं राहतं?" त्याने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तो भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे वळला. त्या कसंनुसं हसल्या आणि एका कागदावर दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला.

हे दुसरे डॉक्टर मनाचे. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी तीन भेटी घेतल्या, शाळेपासूनचं सगळं विचारलं, ताईला फोन करून तिलाही विचारलं. मग म्हणाले, "याला एडीएचडी म्हणतात. लहान मुलांचा आजार समजतात, पण मूल मोठं झालं की तोही बरोबर येतो. तुमचं लक्ष कमी आहे असं नाही. ते कुठे ठेवायचं, याचा लगाम सैल आहे."

पायवाला खूप वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. नखांत प्लास्टर होतं.

"हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर आईचा डोळा वाचला असता?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कदाचित," ते म्हणाले.

खोटा धीर दिला नाही म्हणून तो पुन्हा त्यांच्याकडे गेला, असं त्याने नंतर काकांना सांगितलं.

त्यांनी गोळी दिली. विसरू नये म्हणून गोळी, आणि पहिल्या आठवड्यात तो गोळीच तीनदा विसरला. मग ती निळ्या बाटलीला रबरबँडने बांधून ठेवली, कारण निळी तेवढी चुकत नव्हती. गोळीने डोक्यातला बाजार जरा शांत झाला, पण उठला नाही. मोबाइलमध्ये गजर लावला: सात वाजून पाच मिनिटांनी. पहिले आठ दिवस गजर वाजला की तो जिथे असेल तिथून धावत येई. नवव्या दिवशी त्याने गजर बंद केला, खिशात टाकला आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं. बंद केल्याचंही त्याला आठवेना. मग चिठ्ठ्या. 'पिवळी!' असं ठळक लिहून आरशावर, दारावर, नळावर, डब्यावर चिकटवलं. पंधरा दिवसांत त्या चिठ्ठ्या भिंतीच्या रंगात मिसळून गेल्या. आईच एक दिवस म्हणाली, "ओट्यावर हाताला काहीतरी कागद लागतोय रे, काढू का?"

पहिला महिना संपला तेव्हा पिवळा थेंब दहातल्या सहा वेळा पडत होता. पूर्वीपेक्षा बरं. पण डोळ्याला बऱ्यावर भागवता येत नाही.

तो डॉक्टरांपुढे जाऊन बसला. "नाही होत माझ्याच्याने. ताई नेऊ दे तिला."

"काय नाही होत ते पुष्कळ झालं," डॉक्टर म्हणाले. "साचा कसा घेता ते सांगा. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. पट्ट्या कोमट पाण्यात बुडवायच्या. पिळायच्या नाहीत, नुसत्या निथळायच्या. खालून वर गुंडाळत यायचं. मग गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे रोवायचे, बाकीच्या बोटांनी मागून आधार द्यायचा आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं.

"किती वेळ?"

"चार-पाच मिनिटं."

"त्या पाच मिनिटांत नळ गळायला लागला तर?"

"गळू दे की. हात कसा सोडणार? सोडला तर..." तो थांबला.

त्याने हवेतच दोन्ही अंगठे रोवून पाहिले.

"तिथे आठवण ठेवावी लागतच नाही," तो हळूहळू म्हणाला. "हात गुंतलेले असतात. जाताच येत नाही."

दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला आणि परिचारिकेला विचारून आला. तिने पूर्वीच एकदा दाखवलं होतं, त्याने तेव्हा एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं होतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने अलगद दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही, डोळ्यातच मुरतं. दोन मिनिटं पुरेत, ती म्हणाली.

"पाच धरलं तर?"

"धरा की. हलकं धरा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी त्याने खुर्चीसमोर स्टूल ओढलं. पिवळी बाटली टोपण सैल करून शर्टाच्या खिशात ठेवली. निळा थेंब टाकला आणि आईच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर तर्जनी ठेवली. दुसरा हात तिच्या मानेमागे. नळ गळत होता. खाली कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. त्याचे पाय स्टुलाखाली आपोआप हलत होते, पण बोट हललं नाही.

"असा रे काय बसलास?" आई म्हणाली.

"साचा घेतोय तुझा."

"घे बाबा. माझा पाय शाबूत आहे तोवर घे."

पाच मिनिटं फार मोठी असतात, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यात काय करायचं हा प्रश्नच होता. म्हणून ती दोघं बोलायला लागली. आधी भाजीचं, शेजाऱ्यांचं. मग एकदा, तिसऱ्या का चौथ्या दिवशी, त्याने विचारलं, "डॉक्टरबाईंपुढे खोटं का बोललीस?"

तिचा डोळा त्याच्या बोटाखाली मिटलेला होता. "तुला सगळेच बोलत आलेत. वडील, मास्तर, बायको. म्हटलं, आपण एक तरी नको बोलायला."

"डोळा गेला ना पण."

"गेला," ती म्हणाली. "मला कळायचं रे, दुसरा पडला नाही ते. रोज कळायचं. हाक मारली असती तर तू आला असतास. नाही मारली. तेव्हा सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. अर्धं माझं आहे."

वेळ झाली होती. त्याने खिशातली पिवळी काढली.

त्या दिवशी त्यांचं ठरलं: आपसात खोटं नाही, आणि बाहेरही नाही. पण नोंद ठेवायची कशी? कागदावरचं आईला वाचता येत नव्हतं, आणि कागद त्याच्या हातात टिकत नव्हता. हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी पट्ट्याच्या कातरणातून वीतभर चामडं काढून दिलं आणि जुना भोक पाडायचा चिमटा. "दोन्ही थेंब पडले की एक भोक. नाही पडले तर जागा तशीच सोड. तुझ्या आईला बोटाने वाचता येईल." मग लगेच, चांगुलपणा अंगाशी येईल या भीतीने, "चिमटा हरवलास तर तुझे कान टोचीन."

चिमटा आईच्या खुर्चीलाच साखळीने बांधला. दर आठवड्याला एक पट्टी, चौदा जागा. भोक आई स्वतः पाडायची. थरथरत्या हाताला बारीक थेंब झेपत नव्हता, पण चिमटा दोन्ही हातांनी दाबता येत होता. भोकं वाकडीतिकडी पडायची. पट्ट्या वाढतील तशा ती एका दोऱ्यात ओवत गेली.

तिसऱ्या महिन्यात चार पट्ट्या सलग भरल्या. पायवाला जरा ताठ चालायला लागला. आणि तिथेच घात झाला. पिवळी बाटली संपत आली होती, ते त्याला हलवताना कळत होतं. उद्या आणू, उद्या आणू करत शनिवारी संध्याकाळी ती कोरडी पडली. औषधांची खिडकी सोमवारी उघडणार. बाहेर दुकानांत तो विचारून आला; त्या औषधाची बाटली कुठेच नव्हती. रविवारी तो आईसमोर तसाच बसला, नुसत्या निळ्यावर, बोट कोपऱ्यावर ठेवून, पाच मिनिटं. पुढे टाकायला काही नव्हतं.

"तीन जागा कोऱ्या जातील," तो म्हणाला. "आजच्या दोन, कालची एक."

"जाऊ देत. बोटाला लागल्या पाहिजेत."

सोमवारी चौथी कोरी गेली, कारण खिडकी नऊला उघडली. त्यानंतर घरात कायम दोन पिवळ्या राहू लागल्या. एक खिशातली, एक डब्यातली. डब्यातली खिशात आली की त्याच दिवशी कामावरून परत येताना दवाखाना. घरी आधी जायचं नाही, कारण घरी गेलं की संपलंच.

चार महिन्यांनी ताई आली. येताना तिने एक रिकामी बॅग आणली होती आणि ती दाराआड ठेवली होती, पण सगळ्यांना दिसली.

यंत्रासमोर आई बसली. ताई आणि पायवाला बाहेर, मध्ये एक खुर्ची सोडून. आत बटण वाजत होतं. मग बराच वेळ वाजलं नाही. ताईने पदराचं टोक मुठीत आवळलं. पुन्हा वाजलं.

डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "डोळ्यातला दाब उतरलाय. नकाशा तिथल्या तिथे आहे. चार महिने म्हणजे फार नव्हेत, पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण या चार महिन्यांत उजव्याने काही गमावलेलं नाही." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "थेंब वेळेवर?"

आईने पिशवीतून ओवलेल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "आधी बरेच गेले. नंतर चार गेले एकदम. बाकी पडलेत."

डॉक्टरबाईंनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "माझ्याकडे सगळ्यांचे कागद भरलेले येतात," त्या म्हणाल्या. "कोऱ्या जागा कुणी आणत नाही."

पण ताईने पट्ट्या हातात घेतल्या होत्या आणि तिचं बोट नेमकं तिथेच अडकलं होतं, त्या चार गुळगुळीत जागांवर.

"हे काय?"

"बाटली संपली होती," पायवाला म्हणाला. "माझी चूक. शनिवार ते सोमवार."

"त्या शनिवारी मी फोन केला होता. ठीक आहे म्हणालास."

"तोवर ठीक होतं. संध्याकाळी संपली. रविवारी तू फोन केला नाहीस, आणि मी आपणहून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

तिला चिडायचं होतं, हे तिच्या जबड्यावरून दिसत होतं. चार थेंब, उजव्या डोळ्याचे. ती भावाकडे बघत राहिली. तो नजर चुकवत नव्हता, आणि हसण्यावारीही नेत नव्हता. त्याचा एक पाय टेबलाखाली हलत होता, तेवढंच.

"पुढच्या तपासणीपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "आणि कोरी जागा पडली की त्याच दिवशी मला कळवायचं. आई, तू कळवायचं. याला फोन हातात घेतल्यावर कशाला घेतला ते आठवत नाही."

"कळवीन."

ताईने पट्ट्यांची माळ दोऱ्यासकट गुंडाळली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. कुणाला विचारलं नाही.

दवाखान्याचा जिना उतरताना आईचा एक हात मुलाच्या खांद्यावर होता, दुसरा कठड्यावर. पायऱ्या ती मोजत होती. खालच्या वळणावर थांबून तिने श्वास घेतला.

"काकांना सांग," ती म्हणाली, "पुढचं चामडं जरा जाड द्या म्हणावं. हे फार दुमडतं."